निवू दे आधी

किल्ली डाव्या हाताची होती.
अजूनही कुठेही निघताना
डावा हात आपसूक पुढे जातो
आणि तिथे काही नसतं.
नव्या गाडीला किल्लीच नाही. एक बटण,
आणि मग फ्रिजसारखी गुणगुण.

एकोणीसशे ब्याऐंशीची पोर्श. ओल्या शेवाळाचा रंग.
मागच्या बाजूला तो रुंद पंख,
ज्यावर थंडीत गल्लीतलं एक काणं मांजर झोपायचं,
कारण इंजिन मागे, म्हणून ऊबही मागे.
जमीनमोजणी खात्यातली बाई, आणि ही गाडी?
म्युन्सिंगेनमध्ये सगळ्यांनी सगळ्यांना विचारून घेतलं,
मला सोडून.
फ्राउ ड्रोलिंगर तर झाडण्याच्या पाळीच्या शनिवारी
खाली बोलावून तेलाचा डाग दाखवायची,
झाडूच्या दांड्याने, जरा लांबूनच.
त्या डागासाठी मी नऊ वर्षं पोटाला चिमटा काढला होता.

लोथारने पहिल्या दिवशी हात पुसत सांगितलं :
तेल बघायचं ते इंजिन गरम असताना, चालू असताना.
वळणात घाबरून पाय उचलायचा नाही, इर्मट्राउट.
उचललास तर शेपूट पुढे येईल
आणि तुला विचारेल, कोण गं तू?
आणि घरी पोचलीस की लगेच बंद करू नकोस.
मिनिटभर नुसती उभी ठेव, चालू.
टर्बो आत लाल झालेला असतो.
निवू दे आधी.

उराखचा घाट. रविवार, पहाटेचे पाच.
दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला
की आधी काहीच नाही.

काहीच नाही.

मग कसलीशी शीळ, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी,
आणि मग पाठीत कुणीतरी दोन्ही तळहातांनी लोटायचं,
बीचची झाडं एकमेकांत कालवली जायची,
पोट मागच्या वळणावरच राहायचं.
लोकांना ते लोटणं आवडतं.
मला त्याच्या आधीची ती रिकामी जागा आवडायची,
दाबणं आणि मिळणं यांच्या मधली.
अडतीस वर्षं मी दुसऱ्यांची अंतरं मोजली,
बांध, ओढे, भावाभावांतले कुंपणाचे खांब.
हे एक अंतर कधी नकाशावर आलं नाही.

मग डावा खुबा बदलला.
क्लच विहिरीवरच्या दगडासारखा झाला.
मार्चमध्ये उल्महून ओक्ताय आला, दातांचा डॉक्टर,
चांगल्या पँटनिशी गाडीखाली आडवा झाला.
भाव केला नाही. ते मला आवडलं नाही.
बुटांच्या खोक्यातल्या सगळ्या पावत्या दिल्या,
लोथारच्या अक्षरातल्या,
शेवटच्या दोन त्याच्या मुलीच्या अक्षरातल्या.
तेल, वळण, दोन्ही सांगितलं.
तिसरं सांगायचं राहून गेलं.

फाटकाशी उभी राहिले.
पहिला. दुसरा, बेकरीपाशी.
तिसरा, चर्च ओलांडल्यावर.
चौथा ऐकू आला नाही. तिला चारच होते.
मी गॅरेज झाडलं. डाग तसाच ठेवला.
काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच बरं वाटलं.
फ्राउ ड्रोलिंगर म्हणाली, सुटलीस बाई.
तीन आठवडे मलाही तसंच वाटत होतं.

मग एका मंगळवारी, सुपरमार्केटच्या आवारात,
शेजारच्या सीटवर पाच किलो बटाटे,
डावा हात पुढे गेला,
आणि आधी ती शीळ.
पाठोपाठ लोटणं.
मी स्टिअरिंग धरून ठेवलं.
पाय उचलला नाही.

ट्रॉल्या गोळा करणाऱ्या पोराने काचेवर टकटक केली.
आजी, बरं आहे ना?
मी म्हटलं, मिनिटभर थांब, इतक्यात बंद नाही करायची.
तो वाकून आत बघत म्हणाला,
पण ही तर बंदच आहे.