तोंडी

वडाभातावर फोडणीचं तेल घेता घेता
निमजे शेठनं विचारलं, सहज,
जसं कोणी नवरदेवाचं गाव विचारतं:
"मॅडम, तो सेफ्टी व्हॉल्व्ह दुपारी सुटून राहिला.
खालचा कॉक बंद ठेवला, पंधराच दिवस,
तर चालते ना?
लिहून नका देऊ. तोंडीच सांगा."

मे महिना. लॉनभर कूलरच्या खसाचा वास
आणि माझ्या डोक्यात कळमन्याचा तो रिसीव्हर,
अमोनियानं तट्ट,
मागे पोत्यांवर पोती भिवापुरी मिरची
आणि अकरा हमाल,
दुपारी भिंतीच्या गारव्याला पाठ लावून झोपणारे.

चालते.
या एका शब्दावर नागपुरात किती छपरं उभी आहेत!
मीही म्हटलं होतं एकदा, फोनवर, मेथी निवडताना,
हिंगण्याच्या एका शिडीबद्दल.
शिडी टिकली.
कोणी पडलं नाही.
तेच तर झोपू देत नाही.

मी लग्नपत्रिका मागितली.
गणपतीच्या पाठीवरच्या कोऱ्या जागेत लिहिलं:
कॉक उघडाच ठेवा. कंडेन्सर साफ होईपर्यंत प्लांट बंद.
खाली नाव, नोंदणी क्रमांक, तारीख,
वेळ रात्रीचे नऊ चाळीस.
सहीला अंगठ्याचं तेल लागलं.
मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

निमजे हसले. "तुम्ही तर बाप्पा लग्नातही ऑफिस मांडता.
धंतोलीत एक आहे, तो फोनवरच सांगते."
पत्रिका घडी होऊन खिशात गेली,
गणपती आतल्या बाजूला.

कायद्याचं पोट एवढ्यावर भरतं.
उद्या काही झालंच
तर माझी फाइल स्वच्छ.

स्कूटी मात्र घराकडे वळली नाही.

फाटकाशी देवाजी मसराम, ऑपरेटर,
प्लास्टिकच्या खुर्चीत बनियनवर.
"काहून आल्या मॅडम, इतक्या राती?"
मी आधी नाक वर केलं.
काही नाही. नुसता मिरचीचा खकाणा.
"कॉक?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं,
पँटच्या खिशातून चाक काढलं कॉकचं,
हातभर गंजलेलं नटही सोबत.
"पूर्ण उघडला अन् हे काढून आणलं.
शेठचा दुपारपासून फोन येऊन राहिला, बंद कर म्हणून.
मी म्हणतो, चाक सापडत नाही."

माझ्या तळहातावर ते लोखंड कोमट होतं,
त्याच्या मांडीच्या उबेनं.

तपासणी वहीत याची नोंद कोणत्या रकान्यात करायची,
मी अजून ठरवलेलं नाही.