देवकत्ते, २१४

बादली बाबांनी बोहरी आळीत घेतली.
तीन दुकानं फिरून, प्रत्येकीच्या बुडाला
टिचकी मारून, कलिंगडाला मारतात तशी.
"मुखेडात ही एकशेवीसला मिळते," बाबा म्हणाले.
"मग मुखेडातून आणायची," दुकानदार म्हणाला
आणि पेपर वाचू लागला.
बाबांना तो माणूस आवडला.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

हॉस्टेलच्या रजिस्टरपलीकडे वडलांना मनाई.
त्यांनी तिथंच बादली टेकवली, कडी एकदा ओढून बघितली
आणि संगमवाडीहून रात्रीच्याच ट्रॅव्हल्सनं परत गेले.
तळाशी बिलात गुंडाळलेली पाचशेची नोट
मला दुसऱ्या दिवशी सापडली. ओली.

पाणी सहा ते सात.
म्हणून साडेपाचला मुली झोपलेल्या
आणि बादल्या रांगेत उभ्या.
माझ्याआधी माझ्या बादलीचीच ओळख झाली:
एक गुलाबी, मिरजेची. एक झाकणाची, नवापूरची.
एक नुसता ऑइलपेंटचा डबा,
त्याला कुणी गाव विचारलं नाही.

नेलपेंटनं मी लिहिलं: देवकत्ते, २१४.
वर्गात मॅडम नेमक्या तिथंच अडखळायच्या.
देवकते. देवकाटे. देवकत्ता?
पहिला महिनाभर मी तिघींच्याही वतीनं हजर होते.

आणि तो शब्द.
मेसच्या रांगेत मी सहज विचारलं,
"आज काय करायलेत?"
पुढची वळली, हसली. वाईट नाही हसली,
पण तो शब्द तिनं आणखी पुढच्या मुलीकडं सरकवला,
मिठाची वाटी सरकवावी तसा.
मग मी जरा कमीच बोलले.
संख्याशास्त्रात गप्प बसणं खपून जातं.
पहिल्या चाचणीत वीसपैकी साडेसहा.
त्या अर्ध्या मार्काकडं मी बराच वेळ बघत होते.
कुणाला दया आली होती, आणि नेमकी कुठल्या पायरीला?

एकदा उलट्या बाजूच्या बसमध्ये बसले.
आईचा फोन: जेवलीस?
जेवले. खोलीतच आहे.
मागं कंडक्टरबाई ओरडत होत्या, माळवाडी, माळवाडी.
"कोण ओरडायलंय गं?"
"रेक्टर."
"आवाज चांगलाय," आई म्हणाली. "लक्ष असंल तुमच्यावर."

दिवाळीनंतर बादली गेली.
चार दिवस मिरजेची मिसबाह, न विचारता,
आपली अर्धी बादली माझ्या दाराशी ठेवून जायची.
पाचव्या दिवशी माझी गच्चीत सापडली,
कुणाचीतरी जीन्स पोटात घेऊन, कडी तुटलेली.
मिसबाहनं जुन्या हेडफोनची वायर बांधून दिली.
म्हणाली, आता हिला निदान हाक तरी ऐकू येईल.

जानेवारीत, रात्री दीडला, पांघरुणातून तीच:
"काय करायलीस गं अजून? दिवा बंद कर की!"
मी दिवा बंद केला.
तिला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तिनं तो शब्द परत नेला असता.

त्यानंतर कधीतरी, तारीख आठवत नाही,
आईचा फोन आला. मी घाईत म्हणाले,
"कपडे धुतीये, नंतर करते."
पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.
"धुतीये," आईनं हळूच म्हणून बघितलं,
आमटी तळहातावर घेऊन बघते तसं.
मग म्हणाली, बरं. धू.

मे महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.
बादल्या जिन्याखाली, एकीत एक.
नेलपेंट झिजून उरलं होतं नुसतं देव, आणि दोनशे चौदातला एक.
माझी मिसबाहच्या बादलीत बसेना.
वायर आडवी येत होती.
दोनदा दाबून बघितली, वॉचमनकाका घाई करत होते.
मग तिचीच माझ्यात बसवली.