वास आला का?

शनिवारी रात्री अकराला आम्ही
शिळे पाव कुस्करायला बसलो.
सव्वाशे माणसं. पहाटे कबरस्तानात उपासना,
मग चर्चमागच्या शेडमध्ये न्याहारी.
शरणपुरात हा हिशेब दरवर्षी तोच,
फक्त कबरी वाढतात
आणि बाकांवर जरा ऐसपैस बसता येतं.

ट्रे माझे. सातपूरच्या टूलरूममधून निवृत्त होताना
शेवटच्या आठवड्यात स्वतः वाकवलेले :
तीनशे बाय सातशे, खोली साठ.
प्रत्येकात एकवीस चौकोन. सहा ट्रे.
एकशे सव्वीस, म्हणजे एक जास्तीचा.
अंडी एकवीस डझन. माणशी दोन, बाकी शून्य.
हे गणित मला फार आवडतं.
युनीसला कधीच आवडलं नाही.

ती मापाने काही घालत नसे.
लासलगावचा नवा उन्हाळी कांदा, उकडलेले बटाटे,
मिरची, बारा लिटर दूध,
काळा मसाला दोन मुठी, तिच्या मुठी,
आणि मग वाकून, डोळे मिटून,
एक लांब श्वास.
“अजून चिमूटभर.”
तिच्या नाकावर अख्खी गल्ली ईस्टर करायची.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात ते नाक गेलं.
मागच्या महिन्यात दूध करपलं
तेव्हा ती गॅसपाशीच उभी होती,
पेपर वाचत.
नंतर ते पातेलं तिने तासभर घासलं.
मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

दोन वाजता टेम्पो.
गोधड्यांखाली सहा ट्रे, वर आम्ही दोघं,
त्र्यंबक नाक्याच्या वळणावर दूध हिंदकळलं
आणि माझी पँट गुडघ्यापर्यंत नाश्ता झाली.
भद्रकालीत मुस्तकीमची भट्टी
टोस्टचा शेवटचा घाणा काढून मवाळ झाली होती.
भट्टीला डायल नाही.
तो मूठभर मैदा आत भिरकावतो, दहा मोजतो,
रंग बघतो. म्हणाला, “चला.”

झाकण लागलं.
“वास आला का?”

चाळीस वर्षं माझ्या नाकाला
कूलंटशिवाय काही ठाऊक नव्हतं.
“आला.”
“कसला?”
काय सांगणार? माझे सगळे शब्द मिलिमीटरमधले.
“ओला. दुधाचा. बाळाच्या दुपट्यासारखा.”
“मग कच्चं आहे.”
दोन मिनिटांनी पुन्हा.
“आता कांदा. पण लाजरा.”
“कांदा लाजरा?”
ती हसली. मुस्तकीमचा पोऱ्याही हसला,
परातीत कणीक तुडवता तुडवता.
मग अंडं आलं, मग मसाला आला,
मी एकेकाचं नाव पुकारत होतो
हजेरी घ्यावी तसं,
आणि पुढच्या नावाची वाट बघत होतो,
तोच ती ओरडली, “काढा!”
“अगं, अजून तो खरपूस–”
“कडेला तूप तडतडतंय. बहिरे आहात का?”

पाच ट्रे सोनेरी.
सहाव्याचा कोपरा माझ्या ‘अजून’मुळे काळा.
तो कोपरा मुस्तकीमने मागून घेतला,
जास्तीचा म्हणून त्याच्याच नावावर गेला.
“मीठ?” युनीसने त्याला विचारलं,
माझ्याकडे न बघता.
त्याने आधी बोटं चाटली.
“भाभी, पुढच्या वर्षी पण इथंच आणा.”

साडेपाच. कबरस्तानात
हातातल्या मेणबत्त्या वाऱ्याला जुमानत नव्हत्या.
पाळक अजून दगडापाशीच होते,
दगड कुणी लोटला, या प्रश्नाशी.
हवा फिरली.
सगळ्यांचे डोळे मिटलेले, तिचे उघडे :
पुढच्या रांगेत उजगऱ्यांची धाकटी,
मग तिचा भाऊ, मग खुर्चीतले शलमोनमामा,
एकेक मान शेडकडे वळली.
नाकपुड्या रुंदावल्या. कुणीतरी आवंढा गिळला.

तिने मला कोपर मारलं.

“आला.”