तीन अंश

जग होता. पाण्याचा. इस्पितळात खाटेशेजारी असतो तसा.
तो जग, ते जग नव्हे;
पण सेन्योर तेलेस दोन्हींत गल्लत करत.
"भिंती ओळंब्यात हव्यात," म्हणाले,
"एक अंश कलल्या तरी बुडाशी माझी सही नको.
दांडा तू बघ. दांड्यात विचार नसतो."

आरेखनं काखेत मारून मी मारिन्या ग्रांदला गेलो.
आठ वाजताच पोलादाचा वास,
तेलाचा, कुणीतरी विसरलेल्या कॉफीचा.
ग्रासिएतीच्या एका हातात पाव.
दुसऱ्या हाताने कागद वळवून तिनं विचारलं,
"साच्यातून बाहेर कसा काढू? दाईसारखा ओढून?"
पोलाद प्लास्टिकला असं सोडत नाही.
थोडा उतार लागतो,
नाहीतर वस्तू ओरखडे घेऊनच जन्माला येते.

मी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं,
"तिला सांग, तिचं काम कापणं."

रात्री लॉजवर, खिडकी उघडी, खाली मोटारसायकली,
मी शून्य खोडून दोन लिहिलं.
हात कापला नाही. उलट बरं वाटलं.

वर्षभरानं पोर्तोला भाषण:
"शून्य अंश! उद्योगाला मी वाकवलं!"
तिसऱ्या रांगेत मीही टाळ्या वाजवल्या,
गालात हसत.

पुढे अकरा वर्षं ते हसू पुरवून पुरवून वापरलं.
बायकोला सांगितलं, विद्यार्थ्यांना,
कोइम्ब्राच्या गाडीत एका दातांच्या डॉक्टरला:
"खरं तर तो जग माझा."

यंदा हिवाळ्यात देओलिंदामावशीचं खुब्याचं हाड मोडलं.
लैरियाचं इस्पितळ, खोली चौदा,
आणि खाटेशेजारी तो.
थोडा पिवळा पडलेला, बुडाच्या सहीत क्षार साचलेले.
बॅगेत कोनमापक असतोच माझ्या. लावला.
तीन.
पुसून पुन्हा लावला.
तीन.

व्हरांड्यातून ग्रासिएतीला फोन केला. ती आता निवृत्त.
"तीनच. तुम्ही वरून खरखरीत पोत मागितला होतात ना?
त्याला दोन पुरत नाहीत.
कागदावर काय होतं, ते आठवत नाही बाई."
तिच्या आवाजात मी जरा तरी ऐट शोधली.
मागे कोंबड्या कलकलत होत्या,
तिला दाणे टाकायचे होते.

खोलीत येऊन जग परत पालथा केला,
सही अंगठ्यानं घासली. कशासाठी, कोण जाणे.
"पालथा घालून काय बघतोयस?" मावशी म्हणाली.
"तहान लागलीय मला."

सुलटा केला. भरून आणला.
तिनं स्वतःच ओतायचा हट्ट धरला,
दोन्ही हातांनी उचलला, निम्मं पाणी चादरीवर.
"दांडा बोटांत रुततो मेला," ती म्हणाली,
"कुणा शहाण्यानं केलाय?"

दांडा माझा.
तेवढा मात्र नक्की माझा.