सुरीची चूक

तार्तूच्या इस्पितळात, तळघरात,
माल्ले अडतीस वर्षं माणसांचे काप घालते आहे.
मेणात बसवलेला तुकडा, पोलादी पातं,
केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी पातळ फीत
कोमट पाण्यावर तरंगते,
ती ब्रशच्या टोकानं काचेवर घ्यायची.
एवढंच काम.
त्याला हात लागतो,
आणि श्वास रोखून धरायची सवय.

काचेवर पेशी जांभळ्या, गुलाबी,
खेटून बसलेल्या,
आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे पांढरी भेग.
भेग म्हणजे सुरीची चूक.
तिला असं शिकवलं तेव्हाच्या थोरल्या बाईंनी
रशियन पुस्तकावर बोट ठेवून.
तिनंही पुढे चौघींना तेच शिकवलं:
पातं बदल. पुन्हा काप.

या हिवाळ्यात नवा डॉक्टर, रास्मुस,
वयानं तिच्या धाकट्या मुलाएवढा,
अंगातून निघाल्या क्षणी गोठवलेला तुकडा घेऊन
जिना उतरून आला.
बघा तर, म्हणाला.

भेगा नव्हत्या.
दालनं होती.
तंतूंच्या टेकूवर तोललेली, एकातून दुसरीत उघडणारी,
काठोकाठ भरलेली.
"पाणी आपणच काढून टाकतो," तो म्हणाला,
"अल्कोहोलमध्ये. मग जागा मिटते. उरते ती फट."

तिनं चष्मा पुसला.
आणि पात्यांना दिलेल्या शिव्या
एकेक करून मनात परत घेतल्या.

बसमध्ये, काचेला डोकं टेकून,
हिशेब काही सुटेना.
साखर रक्तातून निघते ती थेट पेशीच्या दारात नाही पोचत,
मध्ये हा ओला मुलूख.
श्वाससुद्धा इथून पुढे पायीच जातो.
निरोप येतात: वाढ. थांब. आता मर.
जखमेकडे निघालेल्या पांढऱ्या पेशी
याच तंतूंना धरून चाचपडत सरकतात,
आणि जास्तीचं परत न्यायला
लसीकेच्या नळ्या तोंडं उघडी टाकून बसलेल्या.
गाठही पसरते ती याच वाटेनं.
वाट कुणाला नाही म्हणत नाही.

दहा-बारा लिटर पाणी,
आणि अडतीस वर्षांत
तिच्या एकाही काचेवर थेंब नाही.

घरी एंडेल मोजे काढून बसलेला.
उन्हाळ्यापासून त्याचं हृदय थकलंय,
संध्याकाळी पाय भरतात.
तिनं रोजच्यासारखा नडगीवर अंगठा दाबला,
उचलला.
खळगा तसाच.
एक, दोन, तीन,
ती मनात मोजते.

लग्नाआधी दोघं क्रॅनबेरी वेचायला
दलदलीत गेले होते, फळ्यांची वाट सोडून.
शेवाळाची जमीन पावलाखाली खचायची
आणि मागे वळून बघावं तर
खूण हळूहळू भरून येत असायची.
एंडेलनं मूठभर शेवाळ उपटून पिळलं.
कोपरापर्यंत ओघळ आले.
"हे पाणी धरून ठेवतं,
नाहीतर सगळं एका दिवसात खाली नदीत गेलं असतं."
त्या दिवसातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.
त्या वर्षातलंही असेल.

मुलगी हेलसिंकीहून फोनवर विचारते,
तुम्ही दोघं बोलता तरी का?
माल्ले म्हणते, बोलतो की.
आणि काय बोललो ते आठवू लागते.

सोळा. सतरा.
काल अकरावर भरला होता.
बाहेर बर्फाचा ट्रॅक्टर रस्ता खरवडत गेला.
एकोणीसला कातडी सारखी झाली.

"किती?" त्यानं विचारलं.
"बारा," ती म्हणाली,
आणि त्याचा पाय उचलून उशीवर ठेवला.

तो काही बोलला नाही.
तोही मोजत असतो,
तिला ठाऊक आहे.