पिग

उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या स्टोअरात
सोळा वर्षं मी हा शब्द लिहितोय:
पिग, आवक साडेनऊ टन, होसपेटहून.
कधी उलटून बघितला नाही.
हमाल मात्र ट्रकचा फाळका पाडताना
'हंदी बंतु, हंदी!' ओरडतात,
आणि कडोलीचा शट्टूप्पा
शनिवारी उपास असला की
हातमोजे घालून उतरवतो माल.

काल करंट गेलेला, कपोला गार.
पॅटर्नमेकर इनास,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली,
काळ्या वाळूत उकिडवा बसला
आणि बोटानं एक लांब चर ओढला.
'ही डुकरीण. आडवी झालेली.'
मग तिच्या कुशीला
आखूड आखूड चर, एकाला लागून एक.
'ही पिल्लं. पितायत.
पूर्वी भट्टीचं तोंड फोडलं की रस असाच धावायचा,
आधी आईत, मग ह्यांच्यात.
गार झालं की घणानं पिल्लं तोडायची.
तिकडच्या कुणा भट्टीवाल्याला दिसलं हे.
लेकाच्या दारात डुकरं असणार.'

शट्टूप्पा वाळूकडे बघत राहिला.
'म्हंजे शिवी न्हवं की ही.'

बसलिंग म्हणाला, आमच्यात कब्बिण.
ण जरा सैल सुटला की कब्बिन, म्हणजे उसाचं.
लोखंड आणि ऊस यांच्यात
जीभ कुठं टेकते एवढंच अंतर.
मूळ म्हणे काळं सोनं,
शाळेत मास्तर सांगायचे,
खरंखोटं त्यांना माहीत.
मग सगळे माझ्याकडे वळले. तुमच्यात?

मी म्हणालो, लोह आणि खंड. लोखंड.
लोहाचा तुकडा.
'बस? एवढंच?' इनास म्हणाला,
आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं,
जसा काही तो शब्द
मीच काट्यावर कमी तोलून दिला होता.

करंट आला. ब्लोअर घुरघुरला.
शट्टूप्पानं फावड्यानं वाळू सारखी केली,
त्या लांब चरापाशी मात्र
जरा थांबून, कडेकडेनं.

आज शनिवार. गाडी आली.
त्यानं हातमोजे घातलेच, उपास तो उपास.
मी रजिस्टर उघडलं, पिग लिहिलं, टन लिहिले,
शेऱ्याच्या रकान्यात 'पिल्लं' लिहून
लगेच खोडलं.
खालच्या कार्बन प्रतीवर
ते तसंच उमटलेलं आहे,
खोडलेल्या रेघेच्या आत,
ऑडिटरला दिसेल.