खर्जाची जागा

टॉर्मड गिलीस प्रीॲम्पची पेटी पोटाशी धरून आला,
अडलेली मेंढी आणावी तशी.
बाकावर ठेवली, टोपीतलं पाणी झटकलं,
म्हणाला, "हिला खर्ज हवाय."
एवढंच.
ग्रीनॉकचे लोक घर विकतानाही याहून जास्त बोलत नाहीत.

मागचे आठ स्क्रू काढायचे.
सातच होते.

आधी साठवणीचे कपॅसिटर रिकामे केले.
प्लग काढला तरी तीनशे व्होल्ट आत दबा धरून असतात,
भांडण मिटल्यावर माणसं गप्प बसतात तसे.
डगीच्या अंगठ्यावर त्याची पांढरी खूण होती.
त्याच्याच हाताखाली शिकले मी.
एक हात खिशात ठेव, तो सांगायचा,
म्हणजे विजेला छातीतून जायला वाट उरत नाही.

मग माग काढत गेले.
पहिल्या व्हॉल्वपर्यंत सगळं ठीक.
तिथून दुसऱ्याकडे जाताना मध्ये एक कपॅसिटर,
वाटाण्याएवढा,
इथे असायला हवा त्याच्या दहावा हिस्सा.
असल्या दारातून बारीक सूर वाकून निघून जातात.
जाडे बाहेरच राहतात.

झाळ कारखान्याची नव्हती. हाताची, कथील जरा सढळ.
आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं:
सेंगासाठी. मार्च ७९. डगी.

डगी कामाची नोंद कधीच ठेवत नसे,
स्वतःच्या बिलांचीसुद्धा नाही.

फोन केला. पलीकडे किटली शिट्टी मारत होती, ती थांबेपर्यंत तो थांबला.
"हो, मीच काढून घेतला होता," टॉर्मड म्हणाला.
"तिचा आवाज खालचा. बाईच्या मानानं फारच.
आम्ही दोघं एकाच खोलीत शिरायचो.
क्लबात लोक म्हणायचे, गाणं कुठाय, नुसती गिटार गुरगुरतेय.
मग म्हटलं, मी बाहेर थांबतो."

"आणि आता?"
"आता ती विनिपेगला. शहाऐंशीपासून. ड्रमवाल्याबरोबर."
आणि जरा वेळानं:
"तिकडे बर्फ फार, म्हणे."

म्हणजे चाळीस वर्षं हा माणूस
रिकाम्या खोलीबाहेर उभा.

नवा बसवला, दहापट.
राळेचा धूर डोळ्यांत, कथलाचा थेंब चकाकला, मग मंदावला.
हात सुटला म्हणून कॅथोडलाही मोठा दिला.
जाडी तार छेडली तर
फळीवरचे स्क्रूचे डबे थरथरले, चहावर वर्तुळं,
आणि सुरांचा नुसता चिखल,
प्रत्येकाचा पाय आधीच्याच्या पायावर.
उपाशी माणसापुढे अख्खं पातेलं ठेवायचं नसतं.
कॅथोडचा उतरवला. लहान लावला. त्याहून थोडा मोठा. परत लहान.
यातच दुपार गेली.
पाचला फेरीबोटीचा भोंगा झाला
आणि बाकावर पडलेल्या गिटारच्या जाड्या तारेनं
कुणी हात न लावता ओ दिली.
तेव्हा थांबले.

मग एक काम केलं, जे बिलात लिहिलं नाही.
तो जुना वाटाणा टाकून दिला नाही.
आठव्या स्क्रूचं भोक मोकळंच होतं,
कानशीनं थोडं रुंद केलं, चिमुकला स्विच बसवला.
वर केला की दार सताड.
खाली केला की डगीनं ठेवलं होतं तेवढंच किलकिलं.

टॉर्मडनं उभ्यानंच वाजवून पाहिलं.
एक कॉर्ड. पुन्हा तोच.
डोळेबिळे मिटले नाहीत,
फक्त एक बूट पुढे सरकवला,
फरशीतून काय येतंय ते बघायला.

पैसे मोजले, नाणी वेगळी.
पेटी उचलताना बोट मागे गेलं.
"हे काय?"
"अर्थिंगचं आहे," मी म्हटलं. "वरच राहू द्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्विचकडे.
"डगीपण असंच म्हणायचा," म्हणाला,
"विचारलं की, सगळं अर्थिंगचंच."
आणि खांद्यानं दार ढकलून
पेटी पोटाशी घेऊन उतार उतरू लागला.